मेडिकलमधून हॉस्पिटल फार्मसीत जायचंय, ९ दिवसांवर इंटरव्ह्यू, काय वाचू?

कराडची_फार्मा:
नमस्कार मंडळी. बी.फार्म आहे, कराडला एका मेडिकलमध्ये काउंटरवर ५ वर्षं झाली. पुण्यातल्या २५० बेडच्या हॉस्पिटलमधून आयपीडी (भरती पेशंटच्या) फार्मसीसाठी फोन आलाय, इंटरव्ह्यू पुढच्या गुरुवारी. खर्चाला जास्तीत जास्त २००० रुपये, जायचं-यायचं भाडंही त्यातच. दुकान रात्री ९ ला बंद होतं त्यामुळे वाचन त्यानंतरच. ब्रँड, कंटेंट, गोळ्यांचे डोस तोंडपाठ आहेत पण इंजेक्शनशी संबंध कमी, इन्सुलिन, टीटी, फार तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. काय विचारतात? आणि "कधी चूक झालीय का" असं विचारलं तर काय सांगायचं?

डोंबिवलीकर_८८:
क्लिनिकल फार्मसीचा ऑनलाइन कोर्स कर डोळे झाकून. मी २२ हजार भरले, ६ महिन्यांचा होता, सर्टिफिकेट मिळालं आणि पहिल्याच इंटरव्ह्यूला सिलेक्शन. पैशाकडे बघू नकोस, करिअरचा प्रश्न आहे.

कराडची_फार्मा:
दादा, ९ दिवस आहेत हो हातात.

डोंबिवलीकर_८८:
मग अ‍ॅडमिशन घे आणि "चालू आहे" म्हणून सांग.

नाइट_ड्यूटी:
७ वर्षं आयपीडीला आहे, मनापासून सांगते. काउंटरवर पेशंट समोर असतो, त्याला विचारता येतं. इथे पेशंट दिसतच नाही, सिस्टरचा इंडेंट (औषधांची मागणी-चिठ्ठी) येतो आणि ट्रे घेऊन मामा उभे असतात, त्यामुळे ते हेच बघतात की नुसत्या कागदावरून तुला शंका येते का. मला विचारलं होतं फेनिटॉइन कशात डायल्यूट करतात, तर एनएसमध्येच (नॉर्मल सलाइन), डेक्स्ट्रोजमध्ये गाळ धरतो. अ‍ॅम्फोटेरिसिनचं बरोबर उलटं, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, सलाइन चालत नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट) नाही कारण त्यात कॅल्शियम असतं, आणि नवजात बाळांत तर हे फारच जपायचं. व्हँकोमायसिन १ ग्रॅम किमान तासभर घेऊन द्यायचं, घाईने गेलं तर अंग लाल होतं, बीपी पडतं. आणि केसीएल (पोटॅशियम क्लोराइड)!! १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं, कधीही डायरेक्ट पुश नाही, हृदय थांबतं, म्हणूनच वॉर्डात सुटं ठेवू देत नाहीत. थेंबांचं गणितही घालतात, ५०० मिली ४ तासांत, मिलीला २० थेंबांचा सेट, मग ५०० गुणिले २० भागिले २४०, मिनिटाला साधारण ४२ थेंब. कॅल्क्युलेटर मिळेलच असं नाही.

कोल्हापुरी_अण्णा:
प्रायव्हेटच्या मागे कशाला लागतेस पोरी? जिल्हा परिषदेची औषध निर्माण अधिकारी भरती बघ. माझ्या पुतण्याने दोनदा दिली, तिसऱ्यांदा लागला, आता पीएचसीला आहे, रात्रपाळी नाही, घरून डबा नेतो.

फार्मडी_अमरावती:
हॉस्पिटलमध्ये राउंडला जाणारा माणूस फार्म.डीच पाहिजे. २००८ ला आपल्याकडे कोर्स सुरू झाला, ६ वर्षं शिकतो आम्ही आणि जागा मात्र काउंटरवाल्यांना देतात. ताईंवर राग नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

नाइट_ड्यूटी:
त्यांचा इंटरव्ह्यू डिस्पेन्सिंगचा आहे, राउंडचा नाही. आमच्या नाइटला डी.फार्मचा मुलगा आहे, डोपामिनच्या जागी डोब्युटामिनचा इंडेंट आला तर तोच पहिला पकडतो.

स्टोअर_इनचार्ज_नाशिक:
सगळे क्लिनिकलवर घसरलेत, मी स्टोअरचं सांगतो. फीफो (आधी आलं ते आधी) नाही, फेफो म्हणायचं, ज्याची एक्स्पायरी आधी ते आधी. साठ्याची वर्गवारी एबीसी म्हणजे खर्चानं (ए सगळ्यात जास्त, सी सगळ्यात कमी), व्हीईडी म्हणजे गरजेनं (व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल). अ‍ॅड्रेनलिन स्वस्त म्हणून सी मध्ये येतं, पण व्हायटल, ते संपलंय असं सांगायची सोयच नाही. एवढं एक उदाहरण दिलंस तरी समोरच्याला कळतं की हिला समजलंय. क्रॅश कार्टमध्ये (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) काय काय असतं ते पाठ कर. मॉर्फिन, फेंटानिल कुलपात, रजिस्टर वेगळं, ओटीतून रिकामे अँप्यूल मोजून परत घ्यायचे. एनएबीएच (हॉस्पिटलचं दर्जा-मानांकन) असेल तर औषधांचं प्रकरण "मॉम" (मॅनेजमेंट ऑफ मेडिकेशन) या नावाने विचारतात.

सोलापूर_मेडिकल:
एच१ रजिस्टर (जपून विकायच्या शेड्यूल एच१ औषधांचं) २ वर्षं ठेवायचं हे पण सांगा

स्टोअर_इनचार्ज_नाशिक:
चूक. एच१ चं ३ वर्षं. मार्च २०१४ पासून लागू आहे ते. २ वर्षं शेड्यूल एक्सच्या (अजून कडक यादीतल्या औषधांच्या) चिठ्ठीच्या कॉपीसाठी.

सोलापूर_मेडिकल:
आमच्या इथे इन्स्पेक्टर आले तेव्हा २ च बघितले

स्टोअर_इनचार्ज_नाशिक:
त्यांनी किती बघितले हा मुद्दाच नाही, नियमात ३ आहे. मुलीचा इंटरव्ह्यू आहे, चुकीचं नका सांगू.

पिंपरी_एचआर:
ड्रेसिंग महत्त्वाचं. मी ४५०० चा ब्लेझर घेतला होता, खोलीत शिरल्या शिरल्या फरक पडतो. बोलणं पूर्ण इंग्लिशमध्येच ठेवा. आणि चूक विचारली तर "नाही झाली" म्हणायचं, विषय संपवायचा. स्वतःहून खड्डा कशाला खणायचा.

डोंबिवलीकर_८८:
+१. चूक कधीच सांगू नये. आणि कोर्सचा विचार कर.

मिरज_ओपीडी:
केसीएल वाचून जा. लासा पण, सारखी दिसणारी, सारख्या नावाची औषधं. केसीएल नक्की विचारतात.

नाइट_ड्यूटी:
केसीएल मी वर लिहिलंय 🙂 एडीआर (औषधाच्या दुष्परिणामाचा) फॉर्म राहिला होता. २०१० पासून देशभर फार्माकोव्हिजिलन्स चालू आहे, २०११ पासून गाझियाबादच्या आयपीसीकडून (इंडियन फार्माकोपिया कमिशन), हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. रिटेलमधूनही रिपोर्ट करता येतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. चुकीबद्दल माझंही मत नको असंच, पॅनेलवर कोण बसलंय आपल्याला माहीत नसतं.

कराडची_फार्मा:
सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलं. कोर्स घेत नाही, ब्लेझरही नाही, इस्त्रीचा पंजाबी ड्रेस आणि वर अ‍ॅप्रन. इंग्लिश जमेल तेवढं, औषधाचं नाव आणि डोस स्पष्ट, बाकी मराठीत बोलेन. नणंद साताऱ्याला स्टाफ नर्स आहे, ती रोज रात्री फोनवर १० इंजेक्शनं विचारते, कशात, किती वेळात, फ्रिजमध्ये की बाहेर. काल १० पैकी ४ आली, आज ७.

चुकीचं मात्र मी सांगणार आहे, तुम्ही सगळे नको म्हणताय तरी. दोन वर्षांपूर्वी एका आजोबांना इन्सुलिनच्या ४० च्या (मिलीला ४० युनिट) व्हायलबरोबर माझ्या हातून १०० ची सिरिंज गेली, लाल टोपणाऐवजी केशरी. ते २० च्या रेघेपर्यंत भरायचे, पोटात मात्र जात होतं ८ युनिट. आठ दिवसांनी शुगर ४०० च्या वर घेऊन आले. मीच रिक्षा करून त्यांना डॉक्टरांकडे नेलं आणि काय झालं ते तिथे सांगितलं. तेव्हापासून दोन्ही सिरिंज वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते, टोपणाचा रंग मोठ्याने म्हणते आणि व्हायलवरचा ४० चा आकडा घेणाऱ्याला वाचायला लावते. हाय अलर्ट (चुकलं तर जिवावर बेतणारं औषध) म्हणजे काय ते मला त्या आजोबांमुळे कळलं. हे लपवून "चूक झाली नाही" म्हणणं मला जमणार नाही. यामुळे नाही घेतलं तर नाही.

पिंपरी_एचआर:
तुमची मर्जी. मी असतो तर नसतं सांगितलं.

कोल्हापुरी_अण्णा:
बाई, सर्टिफिकेटचं बघितलंस का? कौन्सिलचं रिन्यूअल चालू आहे ना? आणि दुकानाच्या लायसन्सवर तुझं नाव असेल तर सोडताना एफडीएकडे नोंद करून घे, नाहीतर नवीन ठिकाणी नाव लावताना अडकतं. माझ्या पुतण्याचे दोन महिने गेले त्यात.

कराडची_फार्मा:
रिन्यूअल चालू आहे अण्णा. ओरिजिनल दुकानातच भिंतीवर फ्रेममध्ये आहे, मालकांना उद्या सांगून काढून घेते. त्यांना अजून इंटरव्ह्यूचं सांगितलेलं नाही, तेही उद्याच सांगते.