जनरेटरमध्ये प्लास्टिकचं तेल घालायचं का?

बी-२०३: मंडळी, कचऱ्यातल्या प्लास्टिकपासून काढलेलं तेल डिझेलमध्ये मिसळलं की धूर कमी होतो, असं वाचलं. आपल्या जनरेटरचा काळा धूर थेट आमच्या खिडकीत येतो. करून बघूया का?

सचिव: कमिटीची हरकत नाही, पण इंजिनाचं काय? ए-५०४ काका, तुमचा जन्म इंजिनांत गेला. तुम्हीच सांगा.

ए-५०४: सांगतो, जरा लांबेल. प्लास्टिक हवेशिवाय बंद भांड्यात ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवलं की त्याच्या लांब साखळ्या तुटून वाफ होते. ती थंड केली की तेल. याला पायरोलिसिस म्हणतात. पण हे कच्चं तेल म्हणजे डिझेल नव्हे! त्यात पेट्रोलसारखा हलका भाग असतो आणि मेणासारखा जडही. थर्माकोल जास्त गेलं असेल तर ते सिलिंडरमध्ये उशिरा पेटतं. तोवर नोझल, म्हणजे इंधन फवारणारं टोक, इंधन सोडतच असतो. मग साठलेलं सगळं एकदम भडकतं, ठक-ठक आवाज येतो, तापमान चढतं आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात.

सी-१०१: काका, माझ्या मुलाला दमा आहे. धूर कमी दिसला म्हणजे हवा चांगली, असं नाही का मग?

ए-५०४: नाही ना ताई. काजळी दिसते, हे वायू दिसत नाहीत, पण श्वासनलिकेला तेच झोंबतात. चाचण्यांचे निकालही एकसारखे नाहीत. तेल कशाचं, मिश्रण किती, लोड किती, यावर सगळं बदलतं.

बी-२०३: मग हे तेल चांगलं करता येतच नाही?

ए-५०४: येतं की. ऊर्ध्वपातन करून, म्हणजे तेल उकळून वाफा टप्प्याटप्प्याने थंड करून, डिझेलसारखा भाग वेगळा काढायचा, हायड्रोजनची प्रक्रिया करायची, मग थोड्या प्रमाणात मिसळायचं. एक्झॉस्टचा थोडा वायू परत आत सोडला की नायट्रोजन ऑक्साइड उतरतात, पण काजळी वाढते. म्हणून एक्झॉस्टला काजळी अडवणारा फिल्टर लागतो. ही कामं रिफायनरीची आणि इंजिन बनवणाऱ्यांची. आपण कॅनमधून ओतायची गोष्ट नाही.

सी-१०१: आपण वेगळं काढलेलं प्लास्टिक अशा प्लांटला दिलं तर?

ए-५०४: जरूर. पण पीव्हीसीचे पाइप, वायरींची आवरणं त्यात अजिबात नकोत. त्यातल्या क्लोरीनचं आम्ल होतं, यंत्र गंजतं. पाण्याच्या बाटल्याही वेगळ्या ठेवा, त्यांचं तेल जवळपास निघतच नाही. त्यांचा धागा होतो.

सचिव: ठरलं, तेल नको. धुराचं काय करायचं?

ए-५०४: काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा इंधन नीट फवारलं जात नाही. आधी एअर फिल्टर बघा, मग मेकॅनिककडून नोझल टेस्टरवर लावून घ्या. फवारा धुक्यासारखा हवा, टोकाशी थेंब लोंबत असेल तर नोझल बदलायचा. रविवारी बोलवा, मी खाली येतो.

बी-२०३: मीही येते काका.