लढाया विसरलो, रुमाल लक्षात राहिला (अनुभव धागा)

'हॉबिट' ही टोल्कीनची अद्भुत कादंबरी वाचली ती डोंबिवली लोकलमध्ये, उभ्याने. शेवटची पाच सैन्यांची लढाई नेमकी कोणी कोणाशी केली, हे आज विचाराल तर मी गडबडेन. पण त्यातला नायक बिल्बो घरातून धावत सुटतो आणि मग त्याला आठवतं की रुमाल घ्यायचाच राहिला, ते पक्कं बसलंय डोक्यात. पुढे ड्रॅगन आहे आणि याला चिंता रुमालाची! त्या दिवशी माझाही रुमाल घरी राहिला होता, घाम बाहीला पुसत होतो, म्हणूनही असेल.

तर अभिजात किंवा अद्भुत कथांमधली अशी एखादी बारकी, घरगुती गोष्ट तुमच्या डोक्यात अडकली असेल तर लिहा. कथानक सांगत बसू नका.

*

माझं उत्तर: कोंबडी. 'ड्रॅक्युला' घाबरायची पूर्ण तयारी करून उघडलं. तर सुरुवातीलाच जोनाथन हार्कर पाप्रिका (लाल मिरचीची पूड) घातलेली कोंबडी खातो, छान होती पण तहान लागली म्हणतो आणि होणाऱ्या बायकोसाठी, मीनासाठी, कृती मिळवायची असं डायरीत टिपून ठेवतो. आमचे बाबा फिरतीच्या नोकरीत होते. कुणाकडे जेवून आले की चपला काढता काढता आईला सांगायचे, "त्यांच्या आमटीत काय असतं ते विचारून आलोय." आईला ते कधीच आवडलं नाही. माझी भीती तिथेच निम्मी गेली.

ती कोंबडी नंतर करून पाहिली. पाप्रिका नव्हती, काश्मिरी मिरचीवर भागवलं. बरी झाली. तहान मात्र लागली.

*

अलीबाबा. 'तिळा उघड' वगैरे नाही, ते माप! अलीबाबाकडे काय मोजतात ते कळावं म्हणून भावजय मापाच्या बुडाला चरबी फासून देते आणि मोहोर चिकटून परत येते. ही गोष्ट आजीने सांगितली आणि स्वतःही मनावर घेतली. शेजारी पायली दिली की परत आल्यावर बुडाशी बोट फिरवून बघायची. आयुष्यभरात तांदळाचे दोन दाणे सापडले असतील.

*

वरच्यांना एक पुरवणी, राहवत नाही म्हणून. अलीबाबा 'अरेबियन नाइट्स'च्या मूळ अरबी हस्तलिखितांत नाहीच. 1709 साली पॅरिसमध्ये अलेप्पोच्या हन्ना दियाबने ही गोष्ट त्या कथांचा फ्रेंच अनुवादक आँत्वान गालाँ याला सांगितली आणि त्याच्या फ्रेंच पुस्तकातून ती जगभर गेली. म्हणजे तीही कुणाच्या तरी तोंडूनच आली, तुमच्या आजीसारखी.

*

मी उलटा अनुभव लिहितो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तीनदा सुरू केलं, तिन्ही वेळा एलरॉन्ड नावाच्या पात्राने बोलावलेल्या लांबलचक बैठकीत अडकलो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचा मी सेक्रेटरी आहे, घरी येऊन पुन्हा सभाच वाचायची? लक्षात राहिलं ते एकच: हॉबिटांचं, म्हणजे बिल्बोच्या बुटक्या जमातीचं, दिवसातून सहा वेळा जेवणं. ही प्रथा इथे यायला हवी.

*

'फ्रँकेन्स्टाइन' हे राक्षसाचं नाव नव्हे, बनवणाऱ्याचं, हे मला पुस्तक वाचेपर्यंत माहीत नव्हतं. त्या बिचाऱ्या राक्षसाला नावच नाही. तो एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो, फटीतून घरातल्यांचं बोलणं ऐकून भाषा शिकतो आणि रात्री त्यांच्यासाठी गुपचूप लाकडं आणून ठेवतो.

मी तेव्हा नोकरीसाठी बंगळुरात नवीन होते. खोलीची भिंत पातळ. पलीकडे आई आणि लहान मुलगा. ती भरवायची, तो ओरडायचा, "साकु, साकु!" पुरे म्हणजे साकु, नको म्हणजे बेडा, जेवण म्हणजे ऊटा, हे मी भिंतीला पाठ लावून शिकले. वर्षभरात त्यांच्याशी एक वाक्य बोलले नाही, लाज वाटायची. एकदा दुपारी अचानक पाऊस आला आणि गच्चीवर त्यांचे कपडे वाळत होते. काढले, घड्या घातल्या, दाराशी ठेवले आणि बेल न वाजवता आत पळाले.

संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, कुणाला तरी विचारत होती. तेवढं कन्नड मला कळत होतं: "यारू?" कोण?