मुंबईत काय कुठल्या गल्लीत मिळतं? – अनुभव धागा

मुंबईच्या जुन्या गल्ल्या मालावरून ओळखल्या जातात. पण नुसतं नाव सांगून भागत नाही. कुठल्या स्टेशनाला कुठल्या बाजूला उतरायचं, काय मापून न्यायचं आणि नवखा माणूस नेमका कुठे चुकतो, हे कळलं तर खेप वाया जात नाही. तुमचं नेहमीचं येणंजाणं ज्या गल्लीत आहे तिच्याबद्दलच लिहा. सुरुवात मी करतो.

लोहार चाळ: वायर, स्विच, दिवे. सीएसएमटीहून क्रॉफर्ड मार्केटवरून चालत, किंवा मेट्रो ३ चं काळबादेवी स्टेशन. रविवारी बहुतेक दुकानं बंद. इथे वायर मिलिमीटरमध्ये बोलतात, म्हणजे तारेच्या छेदाचे चौरस मिलिमीटर: दिवे-पंख्याला दीडची, १६ अँपिअरच्या प्लगला अडीचची, एसी-गिझरला चारची. ९० मीटरचं बंडल घेतलं तर मीटरमागे स्वस्त पडतं. सुटी घेतलीत तर इन्सुलेशनवर छापलेलं माप आणि आयएसआयची खूण वाचूनच कापायला सांगा. कापलेली वायर कोणी परत घेत नाही. सर्वांत जास्त चुका मोड्युलर स्विचमध्ये होतात. भिंतीतली पत्र्याची पेटी ६ मोड्यूलची (सहा स्विचच्या जागेची) आणि प्लेट आणली ८ ची, असं झालं की दुसरी खेप ठरलेलीच. शिवाय एका कंपनीच्या प्लेटमध्ये सहसा दुसऱ्या कंपनीचे स्विच बसत नाहीत. सिलिंगमधल्या दिव्याला बाहेरचा व्यास विचारू नका, भोकाचं माप विचारा. आणि बिल जीएसटीचंच घ्या, त्याशिवाय वॉरंटीचं नाव काढता येत नाही.

चिंचपोकळीकर

लालबागच्या मसाला गल्लीबद्दल सविस्तर लिहिते, कारण वर्षभराचा मसाला एकदाच होतो आणि बिघडला तर वर्षभर ताटात दिसतो.

चिंचपोकळी किंवा करी रोडला उतरून चालत जा. मार्चमध्ये गेलात तर उत्तम. एप्रिल-मेच्या शनिवार-रविवारी डंक्यावर (मसाला कुटायच्या यंत्रावर) तासन् तास नंबर लागत नाही. मिरची सगळी एकाच जातीची घेऊ नका. १ किलोला अर्धा किलो ब्याडगी रंगासाठी, पाव किलो संकेश्वरी आणि पाव किलो काश्मिरी. तिखट हवं असेल तर काश्मिरी कमी करून थोडी लवंगी वाढवा. मिरची मोडून बघायची. देठाजवळ वाकली आणि तुटली नाही तर तिच्यात ओल आहे. आत काळी बुरशी दिसली तर ते पोतंच सोडा. मालवणी मसाल्याला १ किलो मिरचीमागे पाव ते अर्धा किलो धणे, १०० ग्रॅम बडीशेप, ५० ग्रॅम मिरी, २५-२५ ग्रॅम लवंग आणि दालचिनी, शिवाय दगडफूल, खसखस, नागकेशर, जायपत्री, हळकुंड घरच्या पद्धतीने.

खडा मसाला तिथेच भाजून देतात, पण शेजारी उभं राहा. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजला पाहिजे. दगडफुलाला आणि खसखशीला अगदी कमी आच लागते; ती धण्यांबरोबर टाकली की जळतात आणि मसाला कडवट होतो. मग डंका. लोखंडी मुसळं वरखाली होतात, कुटलेलं चाळतात, चाळणीवर राहिलेलं पुन्हा कुटतात. चक्कीवर मसाला जास्त तापतो आणि वास उडतो, म्हणून डंक्यासाठी थांबणं परवडतं. देठ काढल्यावर आणि कुटताना वजन थोडं घटतं, ते धरूनच चाला. घरी आणल्यावर परातीत पसरून पूर्ण निवू द्या. गरम मसाला बरणीत भरला की झाकणाला आतून घाम येतो आणि पावसाळ्यात गुठळ्या होतात. बरणीत दाबून भरा, वर खडा हिंग ठेवा.

काळबादेवी

मंगलदास मार्केट, कापडाचं. रविवारी बंद, जायचं तर दुपारी बाराच्या आत. आधी पन्हा (कापडाची रुंदी) विचारा, भाव मग. ३६ इंची पन्ह्यात लांब बाह्यांच्या कुर्त्याला अडीच मीटर लागतं, ४४ इंचीत दोन-सव्वादोनात भागतं. सुती कापड आटतं, म्हणून १० सेंटिमीटर जास्त घ्या आणि अस्तरासकट भिजवून मगच शिंप्याकडे द्या. नुसतं वरचं कापड भिजवलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं आणि शिवण गोळा होते. मार्केट छताखालचं आहे, दिव्यात जांभळा आणि चॉकलेटी फसवतात. दाराशी उजेडात नेऊन बघा. पडद्यांचं कापड एकाच ताक्यातलं मागा. दुसऱ्या ताक्याचा रंग भिंतीवर टांगल्यावरच वेगळा दिसतो.

दादर पश्चिम

फूल मंडई. पहाटे. झेंडू किलोवर मिळतो आणि टवटवीत दिसावा म्हणून पाणी मारतात, त्या पाण्याचंही वजन भरतं. ढिगात मधे हात घाला. आत गरम लागलं तर फुलं कुजायला लागली आहेत. निशिगंध कळीचा घ्या, संध्याकाळी उमलतो. प्लास्टिकची पिशवी गच्च बांधू नका, ओल्या सुती कापडात न्या. दसऱ्याला तोरणासाठी घ्यायचा असेल तर भाव आणि गर्दी दोन्ही धरून चला.

फिल्टर कापी

माटुंग्याचा दाक्षिणात्य बाजार हवा असेल तर मध्य रेल्वेचं माटुंगा, पूर्वेला. पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड वेगळं, तिथे उतरून लोक विचारत फिरतात. केळीची पानं, गजरे, डोशाचे बिडाचे तवे, कॉफी. पूड ताजी दळून मागा, चिकोरीचं प्रमाण स्वतः सांगा: ८०:२० पासून सुरुवात करा, दाट हवी तर ७०:३०. पाव किलोच्या वर नको, वास टिकत नाही. फार बारीक दळली तर फिल्टरची भोकं बुजतात आणि तासभर थेंब पडत नाही.

ग्रँट रोड

दोन गल्ल्या. लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग), ग्रँट रोड पूर्वेहून: कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्स. खोक्यावरचा, वस्तूवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर काउंटरवरच जुळवा. वॉरंटी कंपनीची की दुकानाची, हे बिलावर लिहून घ्या. आर्डुइनोच्या (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किटच्या) स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच३४० चिप असते; ड्रायव्हर टाकला नाही तर कॉम्प्युटरला पोर्टच दिसत नाही आणि चांगला बोर्ड खराब समजून परत नेला जातो.

मटण स्ट्रीट, म्हणजे चोर बाजार: शुक्रवारी नेहमीची बरीच दुकानं बंद, पण पहाटे रस्त्यावर जुन्याचा बाजार भरतो. खिशात लोहचुंबक ठेवा. पितळेला तो चिकटत नाही, मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतो. लंबकाचं घड्याळ चावी देऊन, सरळ धरून पाच मिनिटं ऐका. टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं हवं. लंगडत असेल तर आधी थोडं डावी-उजवीकडे कलवून बघा. कलवल्यावर सारखं झालं तर दुरुस्ती किरकोळ आहे, भाव करायला हरकत नाही. कलवूनही मधेच थांबत असेल तर चक्रांचे दाते झिजलेले असू शकतात, आणि तसा सुटा भाग सहज मिळत नाही.