पूल पाडला म्हणजे रसद तुटली का?
'एक पूल उडवला की शत्रूची रसद संपली, महापुरात शिरोलीजवळ हायवे बुडाल्यावर कोल्हापूरचं पेट्रोल बंद होतं तसं' असं एक म्हणणं वाचलं, ते निम्मंच पटलं. पुराचं पाणी दिवसेंदिवस हलत नाही. विमानं बॉम्ब टाकून परत जातात आणि समोरचा रात्रीत तरता पूल टाकून मोकळा. शिवाय पूल लागायलाही पाहिजे की! व्हिएतनाममधल्या थान होआच्या पुलावर एप्रिल १९६५ पासून अमेरिकी विमानांचे हल्ले सुरू होते, त्याचा गाळा पडला तो मे १९७२ मध्ये, लेझरनं नेम धरणाऱ्या बॉम्बनी.

खरी मेख खपात आहे, म्हणजे समोरचं सैन्य रसद किती वापरतं त्यात. इटलीत मार्च १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांनी 'ऑपरेशन स्ट्रँगल' ही हवाई मोहीम काढून रेल्वे जागोजागी तोडली. तरी जर्मन हटले नाहीत. आघाडी थंड होती, दारूगोळा कमी लागायचा, रात्रीच्या ट्रकवर भागायचं. ११ मेला जमिनीवरून हल्ला सुरू झाला, तोफांचा खप वाढला आणि त्याच ट्रकमधून सैन्यही हलवायची वेळ आली. तिथं गाडं अडलं. कारगिलमध्येही १७ जून १९९९ ला आपल्या मिराज विमानांनी बटालिकमधला मुंथो ढालोचा रसदतळ उडवला, तेव्हा शिखरांवर पायदळाचा रेटा चालूच होता. नुसत्या विमानांनी हे साधत नाही.