सागाचं टिकणं पॉलिशवर नाही, गाभ्यावर
वर तुम्ही लिहिलंय की जुन्या वाड्यांतला साग पॉलिशमुळे टिकला, पण तसं नाहीये हो. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या खांबांना कधी पॉलिश लागलंच नाही तरी ठणठणीत होते, कारण ते गाभ्याचं लाकूड, आणि सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं रसायन असतं ते वाळवीला सोसत नाही, शिवाय रबरासारखा अंश असतो त्यामुळे पाणी पटकन शिरत नाही. सालीलगतचं पांढरं लाकूड मात्र सागाचं असलं तरी वाळवी खातेच! नवीन चौकट घेताना त्यात हे पांढरं लाकूड नाही ना, ते रंग लावायच्या आधी नक्की बघा. आणि ओल सांभाळा, लाकडातली ओल 20 टक्क्यांखाली राहिली की कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही.