नोकरी गेल्यावर उठावंसंच वाटत नाही: आळस की आजार?

पिंपळपान:
कंपनी बंद पडली की पहिला महिना माणूस धावपळ करतो. चौथ्या महिन्यात अकरापर्यंत अंथरुणात, दाढी वाढलेली, फोन उचलत नाही. घरचे म्हणतात, ‘हातपाय हलव.’ यात आजार किती, ओळखायचं कसं? सुरुवात कुठून करायची?

मीटरगेज:
‘आळस’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. ऑस्ट्रियातल्या मारिएनथालमध्ये १९३०च्या सुमारास कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. समाज-मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि सहकाऱ्यांची तिथली पाहणी १९३३ साली छापून आली. वेळ रग्गड, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं घटलं. रस्त्यावर पुरुष बायकांपेक्षा सावकाश चालत. बायकांच्या मागे घरकाम होतंच ना! पगारासोबत दिवसाची चौकट आणि माणसांतली ऊठबसही जाते.

दुपारचा_चहा:
सुरुवात उठण्याच्या वेळेपासून. झोप ठरवून आणता येत नाही, उठता येतं. गजर साडेसातचा, मग डोळा दोनला लागलेला असो. पहिले तीन-चार दिवस जड जातात आणि लोक नेमके तेव्हाच दुपारी तीन तास ताणून देतात. रात्र पुन्हा बिघडते. फारच झालं तर तीनच्या आत वीस मिनिटं. उठल्यावर कपडे बदलून अर्धा तास बाहेर.
नोकरीचा शोध सकाळी दोन तास, बस. दिवसभर पोर्टल उघडून बसणं म्हणजे नकार मोजणं. वहीत लिहायचं ते आपल्या हातातलं: अर्ज किती पाठवले, फोन किती केले.
घरच्यांनी ‘काही कळलं का?’ हे रोज विचारू नये. रविवारी एकदा पुरे.

खडीसाखर:
वरचं सगळं सौम्य त्रासाला. पीएचक्यू-९ ही नैराश्य जोखणारी नऊ प्रश्नांची चाचणी मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. गुण ० ते २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टर गाठा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्य नसेल तर बेरीज कितीही येवो, त्याच दिवशी बोला. सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली-मानस १४४१६, फुकट, चोवीस तास.
थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, थकवा त्यानेही येतो. डॉक्टरांनी नैराश्यावर गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘उपयोग नाही’ म्हणून परस्पर बंद करू नका.

पिंपळपान:
आणि घरी न सांगता रोज डबा घेऊन बाहेर पडतात, त्यांचं?

मीटरगेज:
त्यांना चौकट असते, बोलायला माणूस नसतो. वर उघडं पडायची धास्ती. सगळ्यांना सांगायची गरज नाही. आधी एकालाच, आणि शक्यतो हप्त्याची तारीख यायच्या आत.