रॉस बार्न्सची कारकीर्द नियमाने संपवली की आजाराने?

मैदानवाचक

अमेरिकेतील बेसबॉलच्या नॅशनल लीगच्या पहिल्याच, म्हणजे १८७६ च्या हंगामात शिकागो व्हाइट स्टॉकिंग्ज संघाच्या रॉस बार्न्सने ०.४२९ ची सरासरी (फलंदाजीच्या संधींमागे हिटचे प्रमाण) राखली. ६६ सामन्यांत १३८ हिट (फलंदाजाला बेसवर, म्हणजे धावमार्गावरच्या थांब्यावर, पोहोचवणारे फटके) आणि १२६ धावा त्याच्या नावावर आहेत. दोन बेसच्या फटक्यांत त्या वर्षी तो संयुक्तपणे पहिला होता आणि तीन बेसचे फटके सर्वाधिक त्याचेच होते. या लीगमधला पहिला होम रन त्यानेच २ मे रोजी सिनसिनाटीत मारला. पुढच्या वर्षी मात्र तो २२ सामने खेळून ०.२७२ वर आला आणि त्यानंतर पूर्वीचा बार्न्स कोणाला दिसलाच नाही. त्या वेळी त्याचे वय अवघे २७ होते.

जुन्या बेसबॉलविषयीच्या लेखनात याचे कारण बहुधा एका वाक्यात उरकले जाते: 'फेअर-फाउल' फटका नियमबाह्य ठरला आणि बार्न्स संपला. नियमाचे एक कलम बदलल्याने देशातला सर्वोत्तम फलंदाज सामान्य ठरावा, हे मला पटत नाही. जाणकारांचे मत काय आहे?

जुना स्कोअरर

तो फटका नेमका काय होता, हे आधी पाहावे लागेल. १८७६ पर्यंत चेंडूचा पहिला टप्पा मैदानाच्या बाजूच्या रेषेच्या आत पडला की तो फेअर, म्हणजे वैध ठरत असे; बाहेर पडला तर फाउल. नंतर तो कोठेही गेला तरी हरकत नव्हती. बार्न्स चेंडू होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या) जवळच जमिनीवर असा आपटत असे, की तो आत टप्पा घेऊन फिरकीमुळे तिसऱ्या बेसच्या बाजूला रेषेबाहेर निसटावा. तेथे क्षेत्ररक्षक नसे. तिसऱ्या बेसवरचा खेळाडू धावत जाऊन चेंडू उचलेपर्यंत बार्न्स पहिल्या बेसवर पोहोचलेला असे आणि चेंडू लांब घरंगळला तर दुसऱ्यावरही. त्या काळी पिचर (चेंडू टाकणारा) ४५ फुटांवरून, हात कमरेखाली ठेवून चेंडू टाकत असे आणि चेंडू उंच हवा की खाली, हे फलंदाज सांगू शकत असे, हेही ध्यानात घ्यावे.

या फटक्याचा दुसरा लाभ सहसा कोणी सांगत नाही. त्याच्या धास्तीने तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूला रेषेला चिकटून उभे राहावे लागे, त्यामुळे तो आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा क्षेत्ररक्षक) यांच्यामधली जागा मोकळी पडे आणि बार्न्सचे साधे, सरळ फटके तेथून निघून जात. १८७७ च्या नियमाने चेंडू पहिला किंवा तिसरा बेस ओलांडेपर्यंत आतच राहणे आवश्यक केले, तेव्हा हे दोन्ही मार्ग एकदमच बंद झाले. म्हणून 'एक कलम' म्हणून हा बदल किरकोळ मानू नये.

उत्तरेकडचा वारा

नियमाचे स्पष्टीकरण उत्तम आहे, परंतु १८७७ चे आकडे पुरावा म्हणून वापरताना सावध राहिले पाहिजे. शिकागोने त्या वर्षी ६० सामने खेळले आणि बार्न्स त्यांपैकी ३८ सामन्यांत मैदानावर नव्हताच. हंगामाच्या सुरुवातीलाच तो थंडीतापाने आजारी पडला आणि उन्हाळ्याचा बराच काळ त्याने अंथरुणावर काढला. क्लबने त्या काळाचा पगार कापला, तेव्हा तो न्यायालयात गेला आणि हरला. आजारपणातील वेतनासाठी खेळाडूने क्लबविरुद्ध दावा लावण्याचे हे फार जुने उदाहरण आहे. माझ्या मते त्याच्या सरासरीइतकेच हेही महत्त्वाचे आहे, कारण व्यावसायिक खेळाडू म्हणजे करारापुढे किती एकटा माणूस, हे त्यात दिसते.

शिवाय तो फक्त चलाख फलंदाज नव्हता. दुसऱ्या बेसवरचा त्या काळातील सर्वोत्तम क्षेत्ररक्षक म्हणून त्याचे नाव घेतले जाई आणि तो वेगाने धावतही असे. बोस्टन रेड स्टॉकिंग्जकडून १८७३ मध्ये त्याने ६० सामन्यांत ०.४३१ ची सरासरी राखली होती. इतकी वर्षे सातत्याने असे खेळणारा माणूस एकाच युक्तीवर उभा असेल, असे मला वाटत नाही.

जुना स्कोअरर

बोस्टनचे ते आकडेही जुन्याच नियमाखालचे आहेत, त्यामुळे त्यांनी हा प्रश्न सुटत नाही. आजारानंतरची वर्षे पाहावीत. १८७९ मध्ये सिनसिनाटीकडून तो ०.२६६ आणि १८८१ मध्ये बोस्टनकडून ०.२७१ राहिला, म्हणजे १८७७ च्या आकड्याच्या जवळपासच. हे अपयश नव्हे. तेव्हा तो मुख्यतः शॉर्टस्टॉप म्हणून खेळे आणि शॉर्टस्टॉपकडून तेवढी फलंदाजी त्या काळी चालून जाई. नियमाने त्याला विलक्षण फलंदाजाचा चांगला फलंदाज केला आणि तापाने त्याचे पाय व ताकद नेली, अशी विभागणी मला सर्वांत संभाव्य वाटते.

तळटीप

त्याच्या विस्मृतीचे कारण मात्र फलंदाजीत नसून हिशेबात आहे. इलिनॉयमधील रॉकफर्डच्या फॉरेस्ट सिटी संघाने १८६७ मध्ये दौऱ्यावर आलेल्या वॉशिंग्टनच्या नॅशनल्स संघाला २९–२३ असे हरवून खळबळ उडवली, त्या संघात किशोरवयीन बार्न्स आणि पिचर अल स्पॉल्डिंग हे दोघेही होते. १८७१ मध्ये हॅरी राइट या मूळच्या क्रिकेट व्यावसायिकाने दोघांना बोस्टनला नेले. १८७२ ते १८७५ अशी सलग चार विजेतेपदे त्या संघाने मिळवली आणि १८७४ मध्ये इंग्लंडचा दौराही केला. तेथे या अमेरिकन पाहुण्यांनी बेसबॉलबरोबर लॉर्ड्सवर क्रिकेटही खेळले, ही नोंद आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना नक्की आवडेल. पुढे शिकागोच्या विल्यम हलबर्टने १८७५ चा हंगाम चालू असतानाच बार्न्स, स्पॉल्डिंग, डीकन व्हाइट आणि कॅल मॅक्व्हे या चौघांना पुढच्या वर्षासाठी करारबद्ध केले.

या चौघांपैकी स्पॉल्डिंग १९३९ मध्ये आणि व्हाइट थेट २०१३ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेले. बार्न्स तेथे नाही. खेळाडू म्हणून निवड होण्यासाठी दहा हंगामांची अट आहे. बोस्टनची पाच वर्षे धरली तरी त्याचे नऊच होतात. त्यातही ती पाच वर्षे ज्या नॅशनल असोसिएशनमध्ये गेली, तिला १९६९ मध्ये नोंदी ठरवणाऱ्या समितीने प्रमुख लीग मानण्यास नकार दिला, म्हणजे अधिकृत हिशेबात चारच उरतात. १८९० मध्ये तो प्लेअर्स लीगमध्ये पंच म्हणून उभा राहिला आणि १९१५ मध्ये शिकागोत वारला. आजारपणात गेलेल्या त्या उन्हाळ्याने त्याची सरासरी तर घटवलीच. पण तो ताप नसता आणि शिकागोने त्याला १८७८ साठी ठेवले असते, तर बोस्टनची वर्षे धरून दहावा हंगाम पूर्ण होऊन हा धागा काढण्याची वेळ कदाचित आली नसती.